एमटॉर जोरात कधी चालू करायचा आणि शांत कधी ठेवायचा: पन्नाशीनंतर मसल टिकवायचं सविस्तर गाईड

एमटॉर म्हणजे पेशीतलं बांधकाम चालू-बंद करणारं एक प्रोटीन, आणि त्याच्याबद्दल सध्या एकाच घरात दोन उलटसुलट सल्ले येतात. मुलगा जिममधून येतो आणि सांगतो, आई प्रोटीन वाढव, एमटॉर चालू झाला तरच मसल बनते. आणि त्याच आठवड्यात फॅमिली ग्रुपवर कोणीतरी व्हिडिओ टाकतं की एमटॉर म्हणजेच म्हातारपण, प्रोटीन कमी करा, लांब लांब उपास करा, जास्त जगाल. दोन्हीत थोडं थोडं खरं आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो, आणि साठीची बाई दोन्ही ऐकून शेवटी चहा-खारी आणि पातळ वरणावरच राहते. मला या गोष्टीची खरंच काळजी वाटते, कारण या वयात गेलेली मसल परत आणायला फार कष्ट पडतात आणि एकदा पडून खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. एमटॉर दिवसातून दोन-तीन वेळा जोरात चालू व्हायला हवा आणि मधल्या वेळात, विशेषतः रात्री, पूर्ण शांत व्हायला हवा. वय वाढतं तसं नेमकं हेच बिघडतं, म्हणजे तो जोरात चालूही होत नाही आणि नीट शांतही होत नाही, दिवसभर अर्धवट चालू राहतो. खाली जे काही दिलंय ते सगळं हे चढ-उतार परत आणण्यासाठी आहे.

आधी हा एमटॉर काय आहे ते बघू

एमटॉर हे आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असलेलं एक प्रोटीन आहे. बांधकामावरच्या मुकादमासारखं त्याचं काम असतं, माल आलाय का, वीज आहे का, वरून ऑर्डर आहे का हे सगळं बघून तो ठरवतो की आज बांधायचं की जुनं मोडून साफसफाई करायची. माल म्हणजे अमिनो आम्लं, ज्यांपासून प्रोटीन बनतं त्या विटा, त्यातही खास करून ल्युसिन. वीज म्हणजे पेशीतली एनर्जी. आणि ऑर्डर म्हणजे इन्सुलिन आणि त्याच्यासारखे ग्रोथ हार्मोन्स. मसलच्या बाबतीत एक चौथा सिग्नल असतो तो म्हणजे ताण, स्नायूवर पडलेलं वजन.

याचे दोन गट असतात, एमटॉर कॉम्प्लेक्स एक आणि दोन. आपण बोलतोय ते मुख्यतः पहिल्याबद्दल. तो लायसोसोम नावाच्या पेशीतल्या पिशवीच्या पृष्ठभागावर जाऊन चालू होतो. लायसोसोम म्हणजे पेशीचा जुना माल मोडून त्यातून परत वापरण्यासारखं काढून घेणारी जागा, त्यामुळे माल किती आहे हे तिथेच सगळ्यात आधी कळतं. ल्युसिन आलं की सेस्ट्रिन नावाचं एक प्रोटीन त्याला पकडतं आणि एमटॉरवरचा ब्रेक सुटतो. एमटॉर चालू झाला की नवीन प्रोटीन बनवायची यंत्रणा वेग घेते, आणि ऑटोफॅजी, म्हणजे पेशीतला खराब झालेला माल मोडून टाकायचं काम, थांबतं. हीच ऑटोफॅजी कशी चालते ते शोधून काढल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमींना 2016 चं नोबेल मिळालं.

म्हणजे बांधणं आणि साफसफाई एकाच बटणावर आहेत, एक चालू तर दुसरं बंद. हे लक्षात राहिलं की पुढचं सगळं सोपं आहे.

हा शोध लागला कसा ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण त्यात आपला माणूस आहे. 1964 साली कॅनडाची एक मोहीम ईस्टर आयलंडला गेली होती, तिथले लोक त्या बेटाला रापा नुई म्हणतात. तिथून आणलेल्या मातीतल्या एका जिवाणूपासून मॉन्ट्रियलमधल्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल यांनी एक द्रव्य वेगळं केलं आणि बेटाच्या नावावरून त्याला रॅपामायसिन नाव दिलं. नंतर ती लॅब बंद झाली, तेव्हा सेहगलांनी ते द्रव्य टाकून न देता घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवलं आणि कंपनीच्या मागे लागून पुन्हा काम सुरू करवून घेतलं. 1999 ला किडनी ट्रान्सप्लांटच्या पेशंटसाठी अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. मधल्या काळात, 1991 मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या शास्त्रज्ञांनी यीस्टमध्ये शोधून काढलं की रॅपामायसिन नेमकं कोणत्या प्रोटीनला थांबवतं, आणि त्यालाच टॉर नाव पडलं. माणसात आणि इतर सस्तन प्राण्यांत सापडला तो एमटॉर.

मग भांडण कशावरून आहे

2009 मध्ये अमेरिकेतल्या तीन लॅबनी मिळून एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात 600 दिवसांच्या, म्हणजे चांगल्या वयस्कर झालेल्या उंदरांना रॅपामायसिन दिलं आणि त्यांचं आयुष्य वाढलं, माद्यांचं अंदाजे 14 टक्के आणि नरांचं 9 टक्के. तिथून "एमटॉर बंद करा, जास्त जगा" हे सुरू झालं.

दुसऱ्या बाजूला 2009 मध्येच माणसांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात व्यायामाच्या आधी रॅपामायसिन दिलं तर व्यायामानंतर मसलमध्ये जे नवीन प्रोटीन बनायला हवं ते बनलंच नाही, वाढ तिथल्या तिथे थांबली. म्हणजे एमटॉरशिवाय मसल बांधली जात नाही हेही तितकंच पक्कं.

आता या दोन गोष्टींची सांगड घालणारी माहिती फॉरवर्डमध्ये येत नाही ती अशी. उंदरांच्या मसलमध्ये एमटॉर मुद्दाम सतत चालू ठेवला तर सुरुवातीला काही वाटत नाही पण वय वाढलं की ती मसल खराब होते, कारण साफसफाईच होत नाही. आणि म्हाताऱ्या उंदरांच्या मसलमध्ये एमटॉर आधीच जरुरीपेक्षा जास्त चालू सापडतो. 2020 च्या एका अभ्यासात तर अशा उंदरांना रॅपामायसिन दिल्यावर बऱ्याचशा मसल उलट जास्त चांगल्या टिकल्या. म्हणजे त्रास आहे तो सतत मंद आचेवर चालू राहण्याचा. जेवणानंतर किंवा व्यायामानंतर काही तास जोरात चालू होऊन मग खाली येणं, ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती हवीच आहे.

सतत चालू कशाने राहतो? दिवसभर थोडं थोडं खात राहणं, बसून राहणं, पोटावरची चरबी, वाढलेलं इन्सुलिन. आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये स्वतःचा आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. बघायला बारीक पण आत चरबी जास्त आणि मसल कमी, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. म्हणून "मी तर बारीकच आहे, मला काय गरज" असं म्हणणाऱ्यांनी पुढचं जरा जास्त लक्ष देऊन वाचा.

पायरी 1: आज आहे कुठे ते मोजा

घरात साधी, हात नसलेली, गुडघ्याच्या उंचीची खुर्ची घ्या, भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. हाताची घडी छातीवर. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर आशियाई लोकांसाठीच्या 2019 च्या निकषांनुसार ताकद आणि हालचाल कमी पडतेय असं समजतात.

हे करताना बाजूला बसून नीट बघा, आकड्यापेक्षा जास्त काही दिसतं. हात नकळत मांडीवर येतो का, उठायच्या आधी धड पुढे झोका घेतं का, तिसऱ्या-चौथ्या वेळी गुडघे आत एकमेकांकडे वळतात का, बसताना शेवटच्या चार बोटांत धपकन पडल्यासारखं होतं का. धपकन बसणं हे मांडीचा पुढचा स्नायू दमल्याचं लक्षण आहे, आणि जिना उतरताना भीती वाटते ती यामुळेच.

मग टेलरची टेप घेऊन पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. पुरुषांमध्ये 34 सेंटिमीटरपेक्षा कमी आणि बायकांमध्ये 33 पेक्षा कमी असेल तर मसल कमी असण्याची शक्यता आहे. पायावर सूज असेल तर हे माप धरू नका. फिजिओकडे हाताची पकड मोजायचं यंत्र असतं, तिथे पुरुषांसाठी 28 किलो आणि बायकांसाठी 18 किलो ही खालची रेषा. सगळं एका वहीत तारखेसकट लिहून ठेवा.

पायरी 2: आधी वजन, मग प्रोटीन

वयामुळे एक गोष्ट होते तिला अ‍ॅनाबॉलिक रेझिस्टन्स म्हणतात, म्हणजे तेच जेवण, तेच प्रोटीन, पण मसलमधला एमटॉर पूर्वीसारखा दाद देत नाही. हे बहिरेपण दूर करणारी सगळ्यात जोरदार गोष्ट व्यायाम आहे, आणि तो म्हणजे भार उचलण्याचा. एकदा चांगला भार दिला की पुढचे 24 ते 48 तास ती मसल प्रोटीनला जास्त चांगली दाद देते. त्यामुळे व्यायाम न करता नुसती प्रोटीन पावडर वाढवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि यातूनच आठवड्याचं वेळापत्रकही निघतं, एक दिवसाआड म्हणजे आठवड्यातून तीन वेळा उत्तम, दोन वेळा तरी हवंच.

वय झालंय आता कुठे वजनं उचलायची असं वाटत असेल तर बॉस्टनमध्ये झालेला एक प्रयोग सांगते, 1990 साली प्रसिद्ध झालेला. नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या, सरासरी 90 वर्षं वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायाचा जड व्यायाम दिला. पायाची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली आणि मांडीच्या मसलचं क्षेत्रफळ 9 टक्क्यांनी. नव्वदीत!

घरी करायचे व्यायाम हे:

खुर्चीवरून उठबस. जमत नसेल तर खुर्चीवर उशी किंवा घडी केलेली चादर ठेवून उंची वाढवा, जमायला लागलं की उंची कमी करा, मग छातीशी पाच किलोची पिठाची पिशवी धरा.

बादली उचलणं. हा मला सगळ्यात आवडतो कारण यात भार हवा तसा वाढवता येतो, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बादली दोन्ही पायांच्या मधोमध ठेवायची, त्यात आधी सात-आठ लिटर पाणी. कंबर मागे ढकलत वाकायचं, पाठ सरळ, गुडघे थोडे मोडलेले, कडी दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं, आणि परत तितक्याच हळू खाली ठेवायची. पाणी सांडलं तर समजा की झटका दिला. बारा वेळा आरामात झालं की पुढच्या वेळी एक तांब्या पाणी जास्त. पाठीच्या मणक्याचा त्रास असेल किंवा हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल तर हा प्रकार फिजिओसमोर शिकूनच करा.

ओट्यावर हात ठेवून पुश-अप. ओटा जड जात असेल तर भिंतीवर.

ओढण्याचा व्यायाम. हा घरी सगळे विसरतात. रबरी बँड खिडकीच्या गजाला अडकवून कोपर मागे ओढायचे. बँड नसेल तर एका हाताने टेबलाचा आधार घेऊन दुसऱ्या हाताने पिशवी कमरेपर्यंत ओढा.

जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली, कठडा धरून. आणि शेवटी दोन हातात दोन पिशव्या घेऊन घरातल्या घरात चालणं, भाजी आणताना करतो तसंच फक्त जरा जास्त वजन.

प्रत्येकाचे दोन ते तीन सेट, आठ ते पंधरा वेळा. आकडा किती हे तितकंसं महत्त्वाचं नाहीये, सेट संपताना अजून दोन-तीन वेळाच जमलं असतं असं वाटायला हवं, अजून दहा वेळा जमलं असतं असं वाटत असेल तर एमटॉरपर्यंत निरोपच पोचला नाही असं समजा. हलकं वजनही चालतं पण मग स्नायू दमेपर्यंत जास्त वेळा करावं लागतं, दोन्हीने मसल वाढते. श्वास रोखून धरायचा नाही, बीपी असणाऱ्यांनी तर अजिबात नाही, उचलताना श्वास सोडा.

चालणं आणि सूर्यनमस्कार याबद्दल नेहमी विचारतात. दोन्ही चांगले, चालू ठेवा, पण चालण्याने मसल फारशी वाढत नाही आणि सूर्यनमस्कारात ओढण्याचा भाग नाही, शिवाय भार कायम तेवढाच राहतो. चालण्याचं खरं काम वेगळं आहे. वयस्कर लोकांना फक्त दोन आठवडे रोजची पावलं खूप कमी करायला सांगितली तर जेवणानंतर मसलमध्ये बनणारं प्रोटीन कमी झालं, असं प्रयोगात दिसलंय. म्हणजे रोज चालणं मसलचे कान उघडे ठेवतं.

पायरी 3: ताटात प्रोटीन किती आहे ते खरं खरं मोजा

आपल्या देशातल्या 2020 च्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीत रोज प्रति किलो वजनाला 0.83 ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. ते निरोगी माणसाची कमतरता होऊ नये म्हणून. पासष्टीच्या पुढे मसल टिकवायची असेल तर तज्ज्ञ 1 ते 1.2 ग्रॅम सांगतात, आणि भार उचलणाऱ्यांसाठी फायदा साधारण 1.6 ग्रॅमपर्यंत वाढत जातो, त्यापुढे फारसा नाही, हे 2018 मध्ये 49 प्रयोग एकत्र करून बघितलेलं आहे.

एका वेळचा हिशोब जास्त महत्त्वाचा. तरुण माणसाला एमटॉर नीट चालू करायला एका जेवणात प्रति किलो साधारण 0.24 ग्रॅम पुरतं, सत्तरीच्या माणसाला साधारण 0.4 लागतं. 60 किलो वजन असेल तर 24 ग्रॅम. आणि त्यात ल्युसिन अडीच ग्रॅमच्या आसपास असलं तर उत्तम.

आता बऱ्याच घरांतलं साठीच्या बाईचं ताट बघा. सकाळी चहा आणि खारी किंवा बशीभर पोहे, चार-पाच ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, भाजी, थोडा भात, अर्धी वाटी पातळ वरण, फार तर चौदा ग्रॅम. संध्याकाळी चहा-चिवडा, दोन-तीन ग्रॅम. रात्री भूक नाही म्हणून मऊ भात किंवा एक भाकरी-भाजी, आठ-दहा ग्रॅम. दिवसाचे तीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 60 किलोच्या बाईला मसल टिकवायला लागतं त्याच्या फार तर निम्मं, आणि एकाही जेवणात 24 ग्रॅमचा टप्पा गाठलेला नाही. पण खाणं मात्र दिवसभर चालूच आहे. म्हणजे एमटॉर कधीच जोरात चालू झाला नाही आणि कधीच शांतही झाला नाही, अगदी जे नको तेच.

बदलायचं कसं तर नवीन काही आणायची गरज नाही. सकाळी 60 ग्रॅम मूगडाळीची धिरडी, चौदा ग्रॅम, बरोबर मोठी वाटी घट्ट दही आणि दाण्याची चटणी, पंचवीसच्या जवळ गेलात. अंडी खात असाल तर दोन अंडी, एक ग्लास दूध आणि एक भाकरी, तेवढंच होतं. दुपारी उसळ मात्र खरी वाटीभर हवी, कोरडी मटकी 50 ग्रॅम भिजवून मोड आणलेली, म्हणजे बारा ग्रॅमच्या आसपास, वर दोन पोळ्या आणि वाटीभर दही.

रात्री पिठलं-भाकरी. याच्यावर थोडं थांबते कारण या ताटाला कमी लेखलं जातं. ज्वारीच्या प्रोटीनमध्ये ल्युसिन खूप असतं, शंभर ग्रॅम प्रोटीनमध्ये साधारण बारा ग्रॅम, म्हणजे दुधापेक्षाही जास्त, व्हे, म्हणजे दुधातून वेगळं काढून पावडरीत विकतात त्या प्रोटीनच्या, जवळ जाणारं. दोन मध्यम भाकऱ्यांत साधारण साडेबारा ग्रॅम प्रोटीन, त्यातून दीड ग्रॅम ल्युसिन. पिठल्याला माणशी 50 ग्रॅम बेसन घेतलं, फक्त दोन चमचे लावून पातळ केलेलं नाही, तर अकरा ग्रॅम प्रोटीन आणि पाऊण ग्रॅमच्या वर ल्युसिन. झालं सव्वादोन. वर एक ग्लास दाटसर ताक घ्या. ज्वारीत लायसिन नावाचं दुसरं अमिनो आम्ल कमी पडतं ते बेसन भरून काढतं, म्हणून दोन्ही एकत्रच खायचं. ज्वारीचं प्रोटीन पचायला मात्र जरा कमी पडतं, त्यामुळे हिशोब अगदी काटावर ठेवू नका.

मांसाहारी लोकांचं सोपं आहे, शंभर ग्रॅम बांगड्यात वीसच्या आसपास, शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये सत्तावीसच्या वर. शाकाहारी लोकांना 30 ग्रॅम सोया वडीत पंधरा आणि 100 ग्रॅम पनीरमध्ये अठरा. व्हे पावडर हे काही औषध नाही आणि विषही नाही, दात नाहीत, भूक मेली आहे, आजारातून उठलाय अशा माणसाला एक स्कूप दुधातून देणं फार सोयीचं पडतं. नुसत्या ल्युसिनच्या किंवा बीसीएएच्या (ल्युसिनसकट फक्त तीन अमिनो आम्लांच्या) गोळ्या मात्र घेऊ नका, मुकादमाला हाक मारली पण विटाच आणल्या नाहीत असं होतं, बाकीची अमिनो आम्लंही लागतात.

तिन्ही जेवणांत सारखं वाटून घेणं चांगलं असं मी सांगते, 2014 च्या एका प्रयोगात एकाच वेळी जास्त खाण्यापेक्षा तीन वेळा सारखं खाल्ल्यावर दिवसभरात साधारण 25 टक्के जास्त मसल प्रोटीन बनलं होतं. पण 2023 मध्ये असंही दिसलंय की एकदम 100 ग्रॅम खाल्लं तरी शरीर ते बारा तासांच्या वर हळूहळू वापरत राहतं. म्हणून एखाद्या दिवशी गणित चुकलं तर जीवाला लावून घेऊ नका, दिवसाचं एकूण प्रोटीन आधी, वाटणी नंतर.

प्रोटीनने कॅन्सर होतो, आयुष्य कमी होतं, असं सांगणारे बहुतेक वेळा 2014 च्या एका अमेरिकन अभ्यासाचा दाखला देतात. त्यात 50 ते 65 वयोगटात जास्त प्रोटीन खाणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले हे खरं आहे, पण प्रोटीन वनस्पतींमधून आलेलं असेल तर हा संबंध जवळजवळ नाहीसा झाला, आणि 65 च्या पुढे चित्र उलटं होतं, जास्त प्रोटीन खाणारे जास्त टिकले. हा फक्त निरीक्षणाचा अभ्यास आहे, कारण सिद्ध होत नाही, पण अर्धा सांगून भीती घालणं चूक आहे. उसळ-पिठलं-दही खाणाऱ्या माणसाने यातून घाबरण्यासारखं काही नाही.

पायरी 4: मधल्या वेळात तोंड बंद

एमटॉर शांत करायला गोळी लागत नाही. रात्री साडेसातला जेवण आणि सकाळी साडेसातला नाश्ता, झाले बारा तास. मधे दूध-बिस्किट, टीव्हीसमोर शेंगदाणे नाहीत. दिवसातही दोन जेवणांत चार-पाच तास अंतर ठेवा, चहा चालेल पण त्याच्याबरोबरचं फरसाण नको. पेशीत एनर्जी कमी झाली की एएमपीके नावाचा दुसरा सेन्सर चालू होतो आणि तो एमटॉरला खाली आणतो, मग साफसफाईला वाव मिळतो. जेवणानंतरची शतपावली, दिवसभरातलं चालणं, हे सगळं याच बाजूने काम करतं.

अठरा-वीस तासांचे उपास मात्र पन्नाशीपुढच्या बारीक माणसाने करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात एक पूर्ण जेवण जातं आणि तेवढं प्रोटीन उरलेल्या वेळात भरून निघत नाही. डायबेटिसची औषधं चालू असतील तर साखर एकदम खाली जाण्याचाही धोका आहे.

श्रावण, चतुर्मास, एकादशी, आपल्याकडे उपास असतातच आणि श्रद्धेने करणाऱ्यांनी जरूर करावेत. फक्त एकादशी दुप्पट खाशी असं झालं तर एमटॉरलाही विश्रांती नाही आणि मसललाही काही मिळत नाही, कारण साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच. त्याऐवजी दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, दूध, पनीर यावर उपास करा. 40 ग्रॅम दाण्यांच्या आमटीत दहा ग्रॅम प्रोटीन येतं.

पायरी 5: झोप

थोडक्यात सांगते. निरोगी तरुणांना एक रात्र पूर्ण जागं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी मसल प्रोटीन बनण्याचं प्रमाण 18 टक्क्यांनी कमी झालं होतं. सात तास तरी हवेत.

पायरी 6: आजारपणाचे दिवस सांभाळा

मसल वर्षभर हळूहळू जाते असं आपण समजतो, पण बऱ्याचदा ती एका आजारपणात जाते. 2007 च्या एका प्रयोगात चांगल्या निरोगी वयस्कर लोकांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं तर पायांची जवळजवळ एक किलो मसल गेली. विचार करा, डेंग्यू, ऑपरेशन, न्यूमोनिया असलेल्या माणसाचं काय होत असेल, आणि वर आपण त्याला आठवडाभर पेज आणि साबुदाण्याची लापशी देतो.

डॉक्टरांनी हालचालीला परवानगी दिली असेल तर पलंगावर बसल्या बसल्या गुडघा सरळ करून दहा सेकंद धरणं, टाचा ओढणं, दर दोन तासांनी उठून बाथरूमपर्यंत चालणं. पेजेत मूगडाळ घाला, दुधात पावडर, मऊ अंडं, ताक. घरी आल्यावर "आता आराम कर" याच्याऐवजी खुर्चीवरून उठबस सुरू करून द्या, दोन वेळा, मग तीन वेळा.

पायरी 7: बारा आठवड्यांनी परत मोजा

पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद वाढलेली जाणवते पण ती मुख्यतः मज्जासंस्थेची असते, मसल दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. वहीतली मापं परत घ्या. खुर्चीची वेळ कमी झाली पण पोटरी तेवढीच, तर काळजी करू नका, चालू ठेवा. दोन्ही तेवढंच, तर आधी भार वाढतोय का बघा, बहुतेक वेळा बादली तीन महिने त्याच पाण्यावर अडकलेली असते. भार वाढतोय आणि वजन मात्र घटतंय, तर खाणं कमी पडतंय. काहीच न करता सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन घटलं असेल तर हे गाईड बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा, त्यामागे दुसरं कारण असू शकतं.

औषधं आणि कोणी सांभाळून राहायचं

रॅपामायसिन दीर्घायुष्यासाठी घेणारे लोक आता परदेशात आहेत आणि त्याची चौकशी इकडेही सुरू झालीये. हे औषध प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी मंजूर झालेलं आहे. तोंडात फोड येणं, कोलेस्टेरॉल आणि साखर वाढणं हे त्याचे ओळखीचे त्रास आहेत, आणि माणसाचं आयुष्य त्याने वाढतं हे अजून सिद्ध झालेलं नाही. आपल्याकडे डायबेटिस घरोघरी आहे, तिथे हा प्रयोग स्वतःवर करू नका.

मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीबद्दल 2019 मध्ये एक प्रयोग आला, डायबेटिस नसलेल्या 65 च्या पुढच्या लोकांना 14 आठवडे व्यायामाबरोबर ते दिलं तर मसल कमी वाढली. म्हणून निरोगी माणसाने "अँटी-एजिंग" म्हणून ते घेऊ नये. पण ज्यांना डायबेटिससाठी दिलंय त्यांनी अजिबात बंद करायचं नाही, साखर बेलगाम राहिली तर मसलचं नुकसान त्याहून कितीतरी जास्त होतं.

किडनीचा जुना आजार असेल आणि डायलिसिस चालू नसेल तर प्रोटीनची मर्यादा तुमचे डॉक्टरच ठरवतील, वरचे आकडे तुमच्यासाठी नाहीत, पायरी 2 मात्र त्यांना विचारून करता येते. किडनी चांगली असेल तर क्रिएटिन, म्हणजे व्यायाम करणारे घेतात ती पूरक पावडर, रोज तीन ते पाच ग्रॅम घ्यायला हरकत नाही, व्यायामाबरोबर ताकदीला मदत होते. फक्त रक्त तपासायला जाताना क्रिएटिन चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगा, कारण रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन थोडं वाढलेलं येऊ शकतं आणि उगाच किडनी बिघडली असं वाटून घरात घबराट होते.